माणूस पूर्ण पटत नाही, तरी मत द्यायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात राहतो, मूळ नाशिकचा, २०१९ ला इथला सिटिझन झालो. विचारांनी मी लिबर्टेरियन, म्हणजे सरकार लहान असावं, कर कमी असावेत, दुसऱ्यांच्या देशात सैन्य पाठवू नये आणि माणूस आपल्या घरात काय करतो त्यात सरकारने नाक खुपसू नये, एवढं साधं. २०२० ला पहिलंवहिलं मत लिबर्टेरियन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार जो जॉर्गेन्सन यांना दिलं. २०२४ ला मात्र घरीच बसलो कारण त्या वेळचा पक्षाचा उमेदवार चेस ऑलिव्हर मला काही पटला नाही, त्याच्या कोविडच्या काळातल्या भूमिकेवरून पक्षातलेच लोक भांडत होते. आता आमच्या भागात स्टेट हाउससाठी, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहासाठी, एक गृहस्थ लिबर्टेरियन म्हणून उभं राहायचं म्हणतायत. हे वीस वर्षं रिपब्लिकन होते, लोकल पदावर असताना पोलिसांना जादा अधिकार द्यायच्या बाजूने मत दिलेलं, आता म्हणतात तेव्हा चुकलो. सह्या गोळा करायला माझी मदत मागतायत, देणगी पण. बायको म्हणते असल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, मित्र म्हणतात तुमच्यासारख्यांमुळेच आमचा माणूस पडतो. काय करू?

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला माझं २००८ सालच आठवलं, कारण मी पण जॉर्जियातच राहते, मरिएटाला, आणि तेव्हा अगदी हाच प्रश्न माझ्यापुढे होता, फक्त माझ्या वेळी तो माणूस राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता.

बॉब बार. आमच्याच भागाचे काँग्रेसमन होते, १९९५ ते २००३, रिपब्लिकन, क्लिंटनवरच्या महाभियोगात सेनेटपुढे खटला चालवणाऱ्यांतले एक. लिबर्टेरियन माणसाने ज्या ज्या गोष्टीला विरोध करावा ती बहुतेक प्रत्येक गोष्ट त्यांनी केलेली. १९९६ चा डिफेन्स ऑफ मॅरेज अ‍ॅक्ट, म्हणजे समलिंगी लग्नांना फेडरल मान्यता नाकारणारा कायदा, तो त्यांनीच मांडलेला. २००१ ला पॅट्रियट अ‍ॅक्टच्या, म्हणजे सरकारला लोकांवर पाळत ठेवायचे जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत, २००२ ला इराक युद्धाच्या परवानगीला मत. आणि मग हाच माणूस २००६ ला लिबर्टेरियन पक्षात येतो, मे २००८ ला डेन्व्हरच्या अधिवेशनात मेरी रुवार्टसारख्या जुन्या जाणत्या कार्यकर्तीला सहाव्या फेरीत हरवून तिकीट घेतो. पक्षात वर्षानुवर्षं राबलेल्या लोकांना किती लागलं असेल बघा.

मी तेव्हा नवीनच सिटिझन झालेले, उत्साह खूप, शनिवारी मरिएटा स्क्वेअरवरच्या बाजारात पत्रकं वाटायला उभी राहायचे. एका शनिवारी एक वयस्कर काळे गृहस्थ आले, हातात पीचेसची पिशवी, पत्रक घेतलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं, दोन्ही बाजू, आणि मग घडी करून परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, मी १९९८ ला वॉशिंग्टन डीसीत राहत होतो, माझी बहीण कॅन्सरने आजारी होती, आजारी माणसांना मारिव्हाना, म्हणजे गांजा, औषध म्हणून मिळावा यासाठी आमच्याकडे मतदान झालं, इनिशिएटिव्ह ५९, मी मत दिलं, आणि ह्या तुमच्या माणसाने ते मत मोजू दिलं नाही.

मला हे माहीतच नव्हतं. घरी येऊन वाचलं तर खरंच, बार यांनी काँग्रेसमध्ये दुरुस्ती घालून डीसीला त्या मतदानावर पैसा खर्च करायलाच मनाई करून टाकलेली, मतपत्रिका आधीच छापलेल्या होत्या म्हणून मतदान झालं पण निकाल जवळजवळ वर्षभर बंद राहिला, शेवटी सप्टेंबर १९९९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने जाहीर झाला तेव्हा कळलं की ६९ टक्के लोकांनी हो म्हटलेलं. तरी ती दुरुस्ती पुढे दहा वर्षं लागू राहिली. लोकांनी दिलेलं मत मोजायचंच नाही, ह्याच्याइतकं स्वातंत्र्याच्या उलटं काय असू शकतं हो? त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढच्या शनिवारी मी गेले नाही.

पण मग मी अजून वाचत गेले, कारण एवढ्यावर सोडवेना. तर असं दिसलं की ह्याच माणसाने पॅट्रियट अ‍ॅक्टला मत देताना त्यातल्या काही कलमांना मुदत घालून घ्यायला जोर लावलेला, नंतर त्या कायद्याला मुदतवाढ देण्याच्या विरोधात त्यांनी मोहीमच चालवली, काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर नागरी हक्कवाल्या एसीएलयूबरोबर खाजगीपणाच्या प्रश्नावर काम केलं, ज्यांच्याशी त्यांचं आयुष्यभर पटलं नव्हतं त्यांच्याबरोबर. आणि २००७ मध्ये, म्हणजे तिकीट मिळायच्या आधी, मारिव्हाना पॉलिसी प्रोजेक्टसाठी लॉबिंग करायला उभे राहिले, स्वतःचीच ती दुरुस्ती रद्द करा म्हणून. हे मला महत्त्वाचं वाटलं. नुसतं चुकलो म्हणणं वेगळं आणि आपणच मारलेली गाठ सोडवायला परत त्याच दारात जाणं वेगळं. निवडणूक संपल्यावर जानेवारी २००९ मध्ये त्यांनी स्वतःच मांडलेला तो लग्नाचा कायदा रद्द करावा असा जाहीर लेखही लिहिला, तेव्हा तर मतं मागायची नव्हती.

आता ह्याच्या उलट एक गोष्ट सांगते. १० सप्टेंबर २००८ ला रॉन पॉल, म्हणजे लिबर्टेरियन विचारांचे रिपब्लिकन काँग्रेसमन, यांनी दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या चार उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावलं, परराष्ट्र धोरण, खाजगीपणा, देशाचं कर्ज आणि फेडरल रिझर्व्ह ह्या चार मुद्द्यांवर सगळ्यांनी सहमती द्यायची एवढंच. नेडर आले, मॅकिनी आल्या, बाल्डविन आले. बार ऐनवेळी आले नाहीत, वेगळी पत्रकार परिषद घेतली आणि वर रॉन पॉल यांनाच उपाध्यक्षपदाची ऑफर देऊन मोकळे झाले. पुढे बारा दिवसांनी पॉल यांनी बाल्डविन यांना पाठिंबा दिला. मला बार यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या मतांपेक्षा हे जास्त खटकलं. जुनी चूक माणूस मागे टाकू शकतो, पण आज, मोहिमेच्या मधोमध, ज्यांची साथ लागणार त्यांच्याशी असं वागणं म्हणजे उद्या कसं वागणार त्याची खूण.

तरी मी बार यांना मत दिलं. हो, दिलं. देणगी दिली नाही, गाडीवर स्टिकर लावलं नाही, पुन्हा पत्रकं वाटली नाहीत, पण मत दिलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. विश्वास आणि पाठिंबा ही दोन्ही जुळी असल्यासारखं तुम्ही लिहिलंत आणि घरातलं भांडणही बहुतेक तिथंच अडकलंय. पाठिंब्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला लागणारा विश्वास वेगळा असतो. सही द्यायला जवळजवळ काहीच विश्वास लागत नाही, सही म्हणजे ह्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर यायला माझी हरकत नाही, इतकंच. मताला थोडा लागतो. पैशाला त्याहून जास्त, कारण तो कुठं जाईल हे तो माणूस ठरवणार. आणि सगळ्यात जास्त लागतो तो आपलं नाव त्याच्या नावाशेजारी लावायला, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात जाऊन हा चांगला माणूस आहे माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायला, कारण तिथं तुम्ही तुमची स्वतःची पत पणाला लावताय, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाची पत जमायला दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात.

लहान पक्षाला दिलेल्या मताने नक्की काय मिळतं हे पण नीट बघा, कारण तो उमेदवार निवडून येणार नाही हे त्याला, मला, तुम्हाला सगळ्यांना माहीत असतं. जॉर्जियात राज्यभराच्या कुठल्याही पदाला तुमच्या उमेदवाराने एकूण नोंदणीकृत मतदारांच्या १ टक्का एवढी मतं घेतली की पक्षाला पुढच्या वेळी राज्यभराच्या पदांसाठी सह्या न गोळा करता मतपत्रिकेवर जागा मिळते. लिबर्टेरियन पक्षाने ती जागा १९८८ ला मिळवली आणि पुढे वर्षानुवर्षं टिकवली. एक टक्का म्हणजे आता सत्तर हजारांच्या वर मतं. २०२२ ला सेनेटला तुमच्या ह्याच चेस ऑलिव्हरला ८१ हजार मिळाली. म्हणजे ज्यांनी तेव्हा त्याला मत दिलं त्यांनी पुढच्या माणसासाठी दार उघडं ठेवलं, मग तो पुढचा माणूस कोणी का असेना. ह्या मताला ऑलिव्हर कसा आहे ह्याच्याशी फार देणंघेणं नाही.

आणि जिथं ते दार नाही तिथं काय होतं ते तुमच्या गृहस्थांना विचारा. मतदारसंघापुरत्या पदांना, स्टेट हाउस असो की काँग्रेस, तिसऱ्या पक्षाच्या माणसाला त्या मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांपैकी ५ टक्के लोकांच्या सह्या आणाव्या लागतात. हा कायदा १९४३ चा आहे आणि तेव्हापासून आजवर तिसऱ्या पक्षाचा एकही उमेदवार ह्या वाटेने अमेरिकेच्या हाउससाठी मतपत्रिकेवर पोचलेला नाही, एकही नाही. स्टेट हाउसच्या एका मतदारसंघात साधारण दोन हजारांच्या आसपास खऱ्या सह्या लागतील, आणि त्यातल्या कितीतरी बाद होतात, पत्ता जुना, अक्षर लागत नाही, माणूस पलीकडच्या मतदारसंघातला, म्हणून तीन हजार धरून चालायचं. उन्हातान्हात दाराबाहेर उभं राहून तीन हजार. हा जाच मी जवळून बघितलाय, म्हणून म्हणते की सह्या गोळा करायला खुशाल जा, मनात काही न ठेवता जा, कारण तुम्ही त्या माणसासाठी नाही, मतदाराला तिसरं नाव दिसावं ह्यासाठी उभे आहात. सही मागताना लोकांना तसंच सांगा, हा माणूस मला पूर्ण पटलेला नाही पण त्याला उभं राहता यावं असं मला वाटतं. लोक ऐकतात. खोटं न बोलता मागितलेली सही लवकर मिळते असा माझा अनुभव आहे.

तुमच्या मित्रांचं म्हणणं, की तुमच्यामुळे आमचा माणूस पडतो, ते आपल्या जॉर्जियात तरी अर्धंच खरं. इथं ५० टक्क्यांच्या वर कोणी गेलं नाही तर पुन्हा मतदान होतं, रनऑफ. चार वेळा सेनेटची निवडणूक लिबर्टेरियन उमेदवारामुळे रनऑफला गेली. १९९२ ला डेमोक्रॅट फाउलर पुढे होते, रनऑफला रिपब्लिकन कव्हरडेल जिंकले. २००८ ला रिपब्लिकन चॅम्बलिस पुढे होते आणि तेच जिंकले. २०२० ला पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले, लिबर्टेरियन शेन हेझल यांनी १ लाख १५ हजार मतं घेतलेली, आणि ५ जानेवारी २०२१ ला ऑसॉफ जिंकले, त्यावर अख्ख्या सेनेटची सत्ता फिरली. २०२२ ला वॉर्नॉक पुढे होते, तेच जिंकले. म्हणजे जे जे होऊ शकतं ते सगळं एकेकदा होऊन गेलंय. दर वेळी लोकांना दुसरी संधी मिळाली, काही आठवड्यांनी पुन्हा रांगेत उभं राहून दोघांतला एक निवडायची. ज्याला आपला माणूस पडला असं वाटतं त्याने आधी हे सांगावं की रनऑफला त्याच्या माणसाला ५० टक्के का मिळाले नाहीत.

राष्ट्राध्यक्षपदाचं मात्र वेगळं, तिथं रनऑफ नाही, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. २०२० ला बायडन यांनी जॉर्जिया ११,७७९ मतांनी घेतलं आणि जॉर्गेन्सन यांना इथं ६२ हजारांवर मतं होती, त्यात एक तुमचं. पण ती ६२ हजार माणसं नाहीतर कुठं गेली असती? काही ट्रम्पकडे, काही बायडनकडे, बरीचशी तुमच्यासारखी घरी बसली असती. ती मतं आधीपासून कोणाच्या तरी मालकीची होती हे गृहीत धरणंच मला मान्य नाही. तरीही अशा अटीतटीच्या राज्यात त्या दोघांपैकी एक आला तर देशाचं मोठं नुकसान होईल असं तुमचं मन सांगत असेल तर त्या वर्षी त्या पदाला दुसऱ्याला मत द्या आणि खालच्या पदांना लिबर्टेरियनला, त्यात काही पाप नाही. मतपत्रिकेवर पदं पुष्कळ असतात.

अपूर्ण माणूस म्हणजे काय हे पण एकदा ठरवायला हवं, कारण आपण सगळे दोष एकाच तागडीत टाकतो. लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार गॅरी जॉन्सन २०१६ ला टीव्हीवर अलेप्पो म्हणजे काय असं विचारून बसले, देशभर चर्चा झाली. अलेप्पो हे सीरियातलं शहर, तिथं युद्ध पेटलेलं असताना राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला हे माहीत नसणं वाईटच. पण ते अज्ञान होतं, ते भरून काढता येतं, आणि ह्याच माणसाने न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर असताना सातशेच्या वर विधेयकं व्हेटो करून दाखवलेली, म्हणजे बोलला ते केलं. त्यांना ४४ लाखांच्या वर मतं पडली, ३.२८ टक्के, पक्षाच्या इतिहासात सगळ्यात जास्त. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला बिल वेल्ड होते. हुशार, मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, बोलणं गोड. आणि मतदानाला आठवडा उरला असताना ते टीव्हीवर हिलरी क्लिंटन यांची हमी द्यायला लागले. घरोघर फिरणाऱ्या पोरांनी काय करायचं मग? २०१९ मध्ये वेल्ड परत रिपब्लिकन झाले. मला विचाराल तर अलेप्पो माफ, हे नाही.

चेस ऑलिव्हरबद्दल तुमचं आणि माझं पटणार नाही असं दिसतं. तुम्हाला त्याचे विचार पटले नाहीत, तो तुमचा हक्क. पण तो लपवत नव्हता, त्याला काय वाटतं ते सगळ्यांना माहीत होतं, वॉशिंग्टनच्या अधिवेशनात सातव्या फेरीपर्यंत लढून तिकीट घेतलं आणि स्वतःच्याच पक्षातल्या कितीतरी लोकांनी पाठ फिरवली तरी शेवटपर्यंत फिरत राहिला. साडेसहा लाखांच्या आसपास मतं मिळाली, अर्धा टक्कासुद्धा नाही. त्याच अधिवेशनात ट्रम्प येऊन भाषण करून गेले, लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, पण रॉस उलब्रिक्टला, म्हणजे इंटरनेटवर सिल्क रोड नावाचा अंमली पदार्थांचा बाजार चालवला म्हणून जन्मठेप झालेल्या माणसाला, सोडवीन असा शब्द त्यांनी तिथं दिला आणि २१ जानेवारी २०२५ ला त्याला माफी दिली. काही जण आता म्हणतात बघा, उमेदवार देण्यापेक्षा असा सौदा बरा. एक माणूस दुहेरी जन्मठेपेतून घरी आला, त्याच्या आईने त्यासाठी वर्षानुवर्षं दारं झिजवलेली, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण लिबर्टेरियनांकडे मतं आहेत म्हणूनच तो सौदा करायला कोणी आलं ना? ती मतं घरी बसली तर पुढच्या वेळी कोण येणार त्या मंचावर?

तर तुमचे ते गृहस्थ. त्यांना घरी बोलवा, चहा करा, बायकोलाही बसू दे समोर, बायकोचा प्रश्न तुमच्यापेक्षा खरा आहे. त्या गृहस्थांना विचारा, तुमचं मन कधी बदललं, जुन्या पक्षाने तिकीट नाकारल्यावर की आधी? ज्या अधिकारांना तुम्ही मत दिलं त्याचा त्रास झालेल्या एखाद्याला भेटलात का? आणि ते कमी करायला, पदावर नसताना, एखाद्या काउंटी मीटिंगला जाऊन तीन मिनिटं तरी बोललात का? त्या मीटिंगांची नोंद असते, बघता येते. असं काही केलेलं असेल तर पैसे द्या, जमतील तेवढे. नसेल तर सह्या गोळा करा, मत द्या, आणि पाकीट खिशातच राहू द्या.

बार यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०११ च्या डिसेंबरात त्यांनी रिपब्लिकनांच्या प्राथमिक फेरीत न्यूट गिंग्रिच यांना पाठिंबा दिला, २०१४ ला परत रिपब्लिकन म्हणून काँग्रेसला उभे राहिले आणि रनऑफला हरले, २०२४ ला बंदूक हक्कवाल्या एनआरएचे अध्यक्ष झाले. माझ्या ओळखीचा एक जण, ज्याने २००८ ला त्यांच्यासाठी दोन महिने बिनपगारी रजा घेतलेली, त्याने गिंग्रिचची बातमी वाचली तेव्हापासून राजकारणाचं नावच टाकलं, परत कुठल्याच निवडणुकीला गेला नाही. मला वाईट वाटलं, पण मला काही लागलं नाही. मी त्यांना फक्त मत दिलेलं होतं.

प्रश्न: ताई, तुमचं हे अमेरिकेचं सगळं ठीक, पण आम्ही वर्ध्याकडचे शेतकरी, आम्हाला शरद जोशी आठवतात. निवडणुकीपासून लांब राहायचं म्हणत म्हणत त्यांनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, २००४ ला भाजपच्या आघाडीतून राज्यसभेत गेले. आमच्या गावात त्यावरून दोन तट पडले ते अजून आहेत. तुम्ही तर तिकडच्याच ना, तुमच्या घरी काय म्हणत होते?

उत्तर: दादा, तुम्ही तर माझ्या घरातच हात घातलात. माझे बाबा जोशींच्या शेतकरी संघटनेचे. सदऱ्याला लाल बिल्ला लावल्याशिवाय बाजाराला जायचे नाहीत, धुवायला टाकायच्या आधी आई तो काढून देवळीत ठेवायची. सरकारने शेतमालाचे भाव पाडायचे थांबवावं, निर्यातबंदी उठवावी, शेतकऱ्याला त्याचा माल कुठंही विकू द्यावा, हे सगळं मी लिबर्टेरियन हा शब्द ऐकायच्या वीस वर्षं आधी आमच्या ओसरीवर ऐकलंय. जोशी साहेब राज्यसभेत गेले तेव्हा बाबा चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्यांच्या दाराशी जायचं नाही म्हणून आम्हाला सांगितलं त्यांच्याच खांद्यावर बसून गेले.

आई वेगळं म्हणायची. आईच्या नावावर दीड एकर आहे. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी, जेव्हा संघटनेने नवऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावावर जमीन करा, तेव्हा बाबांनी तलाठ्याकडे जाऊन तिचं नाव सातबाऱ्यावर चढवलं. तो उतारा तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलेला, मी सुट्टीत गेले की काढून दाखवायची, आपलं नाव बोटाने वाचायची, अक्षर अक्षर. तिला लिहिता येत नव्हतं पण ते एक नाव वाचता यायचं.

मग ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक आलं, १८६ विरुद्ध १ ने पास झालं, आणि तो एक म्हणजे साहेब. त्यांचा विरोध बायकांना जागा मिळण्याला नव्हता, दर निवडणुकीला मतदारसंघ फिरवायच्या पद्धतीला होता, पण ते समजून घ्यायला कोण बसलंय. मी इथून फोन केला, आई रागावली असेल असं वाटलेलं. ती खरंच रागावलेली होती. म्हणाली, चुकलं त्यांचं, बायांना जागा मिळत होत्या तर मिळू द्यायच्या, पद्धत मागून दुरुस्त करता आली असती. आणि लगेच पुढे म्हणाली, पण कागद माझ्या ट्रंकेत आहे.

राज्यसभेत त्यांनी अजून एक केलं जे फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्याकडे पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा बाळगू असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे खुल्या व्यवस्थेच्या पक्षाने पण. ती अट काढा म्हणून त्यांनी खाजगी विधेयक मांडलं. पास झालं नाही. पण बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, हे बोलायला तरी तिथं जावंच लागलं असतं ना. चार दिवसांचा अबोला सहा वर्षांनी सुटला असं म्हणा. तुमच्या गावातले दोन तट एका ओसरीवर बसवता आले तर बघा, दोघांकडेही अर्धं अर्धं खरं आहे, आमच्या घरात होतं तसंच.

प्रश्न: मावशी, मी २१ वर्षांची, अटलांटात शिकते, इथंच जन्मले. मला तिघांपैकी कोणीच नको वाटतं. मतपत्रिकेवर रिकाम्या जागी रॉन पॉल असं लिहून आले तर निषेध नोंदला जाईल का?

उत्तर: नाही गं, जॉर्जियात नाही नोंदला जाणार. इथं ज्यांनी आधी रीतसर अर्ज देऊन मला लिहून मत द्या असं कळवलंय त्यांचीच हाताने लिहिलेली मतं मोजतात, बाकीच्यांचं नाव निकालात येतसुद्धा नाही. २०१६ ला रॉन पॉल यांना इलेक्टोरल कॉलेजचं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या मंडळाचं, एक मत खरंच पडलेलं, पण ते टेक्ससच्या एका इलेक्टरने दिलेलं, आपण देऊ शकतो तसं नव्हे. तुला निषेधच नोंदवायचा असेल तर छापलेल्या नावांपैकी तिसऱ्यावर खूण कर, तो आकडा निकालात दिसतो आणि दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं तो दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटीवार काढून बघतात. आणि नुसतं राष्ट्राध्यक्षपद बघून परत येऊ नकोस, पूर्ण मतपत्रिका शेवटपर्यंत वाच, आदल्या रात्री नमुना ऑनलाइन काढून घे, शेरीफ कोण, स्कूल बोर्डावर कोण उभंय, तुझ्या कॉलेजजवळचा रस्ता आणि तुझा सेल्स टॅक्स ठरवणारी माणसं खालच्या भागात असतात.